कपाट उघडं, कागद बंद

माझ्या घरात दिवसा कशालाच कडी लागत नाही. सकाळी उघडलेलं दार मगरिबच्या अजानेनंतर लागतं, मधे नाही. खोलीला नाही, कपाटाला नाही, पेटीला नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी हे सांगितलं आणि पुढं मी ते सगळ्यांना सांगत आले. धाकट्या दिरानं एकदा त्याच्या खोलीला कोयंडा बसवला. मी म्हटलं, कोयंडा हवा असेल तर कोयंड्यासकट बाहेर राहा. आठ दिवस शिरवळला जाऊन राहिला आणि कोयंडा तिथंच विकून आला. हे आधी सांगते, कारण पुढं जे झालं ते ह्याच्यामुळंच झालं आणि त्यात चूक माझी होती. असं लिहायला हात जड होतो, पण लिहिते.

भोरात आमचं मिरची-मसाल्याचं कांडप आहे. होळी झाली की बायका गोण्या घेऊन येतात, पार भाटघर, कामथडीपासून. मिरची कुणीही कांडून देईल. आमच्याकडं येतात त्या मसाल्यासाठी, आणि मसाल्याचं प्रत्येक घराचं माप वेगळं. एकीचे धणे दोन मापटी तर दुसरीचे तीन चिपटी. कुणाला दगडफूल भरपूर, कुणाला नुसता वास पुरे. आणि माप कुणी कुणाला सांगत नाही. घरची मोठी बाई पहिल्या वर्षी येते, माझ्या कानात सांगते, मी पितळी मापांनी मोजून देते. जिन्नस सगळे जास्तच आणायचे आणि उरलेले पिशवीत बांधून परत न्यायचे, म्हणजे वाण्यालासुद्धा अंदाज येत नाही. आमचं धरून अशी बासष्ट घरं माझ्या डोक्यात होती. चाळीस उन्हाळ्यांत एकीचं माप दुसरीला गेलं नाही.

मग मला टायफॉईड झाला. उठले त्या उन्हाळ्यात कामथडीच्या सखूबाईच्या मसाल्यात मी बाद्यान, म्हणजे चक्रीफूल, दुप्पट घातलं. सखूबाई महिन्यानं आली आणि म्हणाली, "साबिराबी, अवंदा कालवणाला दवाखान्याचा वास येतुया." मी म्हटलं, "तुमच्या नाकाला पडसं झालं आसंल." ती गेली आणि मी मागच्या पडवीत जाऊन बसले. पडसं तिला नव्हतं.

माझी नात गुलफशा तेव्हा पुण्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. दोन हजार चारची गोष्ट. सुट्टीला आली ती टेम्पोतून एक जुना कॉम्प्युटर घेऊनच. टेम्पो तिच्या बापाचा, याकूबचा, माझ्या मुलाचा. म्हणाली, "दादी, तुझी मापं ह्यात घालू. ह्यात लिनक्स टाकलंय."

"ते काय आसतंय?"

"ह्याच्यात प्रत्येकाचं नाव वेगळं, परवलीचा शब्द वेगळा. कुणी काय वाचायचं, कुणी काय लिहायचं, ते ठरवता येतं."

मी चौथी शिकलेली. पण कुणी काय वाचायचं हे ठरवता येतं म्हटल्यावर मी खुर्ची ओढून बसले.

ती ज्याला फाईल म्हणते त्याला मी कागद म्हणते. ती डिरेक्टरी म्हणते, मी कपाट म्हणते. तिनं एक कपाट केलं आणि प्रत्येक घराचा एक कागद, त्यावर घराचं नाव. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. जिथं मी अडले तिथं आम्ही गुपचूप माझ्याकडं डब्यात उरलेला त्या घरचा मसाला जिभेवर ठेवून ठरवलं. पाच दिवस लागले. मग तिनं मला कागदांची यादी दाखवली. प्रत्येक नावाच्या आधी बारीक अक्षरं, रेशनकार्डावर माणसं लिहितात तशी रांगेत.

"हे दहा खण," ती म्हणाली. "पहिल्या खणात डी असेल तर कपाट, नुसती रेघ असेल तर कागद. पुढचे तीन मालकाचे, त्यापुढचे तीन घरच्यांचे, शेवटचे तीन बाकीच्या जगाचे. आर म्हणजे वाचायची मुभा, डब्ल्यू म्हणजे लिहायची, एक्स म्हणजे चालवायची. रेघ असेल तिथं मुभा नाही."

"मालक कोन?"

"तू. सगळ्या कागदांवर तुझं नाव."

"आनि घरचे?"

"ज्यांना मी घरचे म्हणून नोंदवलं ते. तू, अम्मी, मी."

अम्मी म्हणजे माझी सून अंजुम. कांडप आता तीच चालवते, म्हणून पुढं कॉम्प्युटरही ती गुलफशाकडून शिकली.

"आनि याकूब?"

"अब्बांना टेम्पो पुरे."

"मंग ह्या सगळ्यांच्या वर कोन?"

"रूट. त्याला कुठलंच कुलूप अडवत नाही."

"म्हंजी मी."

"नाही दादी. मी."

मी तिच्याकडं बघितलं. ती हसली नाही, म्हणून मीच हसले.

साठ कागद तिनं असे ठेवले की मी वाचावं-लिहावं, अंजुमनं नुसतं वाचावं, जगानं काही करू नये. दोन कागदांना मी वेगळं कुलूप घालायला लावलं. आर नि डब्ल्यू माझं, पुढं सहा रेघाच रेघा. एक आमच्या घरच्या मसाल्याचा. दुसरा भोरातल्या नारायणरावांच्या घरचा. त्यांच्या आईला सगळे माई म्हणायचे. त्या माईंनी मला शब्द घालायला लावला होता: हे माप तुझ्याशिवाय कुणाला नाही, माझ्या सुनेला तर नाहीच. कारण विचारायची पद्धत नाही. माई माघात गेल्या.

मग गुलफशा कपाटावर आली. "कपाटाच्या मुभा वेगळ्या असतात हं. कपाटावर आर म्हणजे आतल्या कागदांची नावं दिसतात. एक्स म्हणजे आत शिरता येतं. आणि डब्ल्यू..."

मी तिला तिथंच थांबवलं. "घरच्यांना तिन्ही दे."

"डब्ल्यू नको, दादी. ऐकून तर घे."

"कागदाला कुलूप हाय का न्हाई? मंग कपाटाला कशाला? ह्या घरात कपाटाला कडी नसती."

तिनं तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, आणि मी सांगितलं तसं केलं. ती माझ्याच घरात वाढलेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मालिनीबाई आल्या. नारायणरावांची बायको, माईंची सून, पंचायत समितीत नोकरीला. मुलीचं, वैदेहीचं लग्न ठरलं होतं. सासर इंदूरला.

"साबिराबी, गुरुवारी दहाला सगळे जिन्नस घेऊन येते," त्या म्हणाल्या. "वैदेहीबरोबर चार किलो द्यायचाय. आणि एक विनंती होती. माप लिहून मिळालं तर. तिकडे तिला तुमच्यासारखं कोण भेटणार?"

"मसाला मागाल तेवढा दीन. माप न्हाई. माईंना शब्द दिलाय."

"माई आता नाहीत."

"शब्द हाय."

"आणि तुमच्यानंतर?"

"माझ्यामागं गुलफशा हाय."

मालिनीबाईंनी पदर खांद्यावर नीट केला. "म्हणजे तुमच्या नातीला मिळेल. माझ्या मुलीला नाही." एवढंच बोलल्या आणि पिशवी उचलून गेल्या. अंजुम तिथंच तिखट चाळत होती. चाळणी थांबली होती, ती परत सुरू झाली. मला वाटलं, झालं, संपलं.

गुरुवारी सकाळी सातला मी कॉम्प्युटरच्या मशीनपुढं बसले. माईंचं माप मला पाठ नव्हतं. धणे, तीळ, खोबरं आठवत होतं. पण त्या मसाल्याचा जीव नागकेशर आणि दगडफुलात, आणि ते दोन आकडे तापानं धुऊन नेले होते. तापाआधीच्या वर्षीचा डबा जिभेवर ठेवून मी एकटीनं ते परत जुळवले होते आणि गुलफशाला पाठ फिरवायला लावून स्वतः टिपले होते. तो डबाही आता संपला होता. म्हणजे माईंचं माप साऱ्या दुनियेत एकाच जागी होतं.

मी यादी काढली. खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. नारायणरावांच्या घराचं नाव नव्हतं. परत फिरवलं. एकसष्ट कागद.

चष्मा पुसला. एकसष्ट.

"गुलफशा," मी हाक मारली. "हितं ये. हळू ये, आवाज करू नगं."

ती दात घासता घासता आली, बघितलं, तोंड धुऊन परत आली.

"त्याला कुलूप होतं," मी म्हटलं. "माझ्याशिवाय कुनाला हात लावता येनार न्हाई, आसं तूच सांगितलंस."

"वाचता येणार नाही, लिहिता येणार नाही, असं सांगितलं. काढून टाकता येणार नाही असं नाही सांगितलं. ते सांगत होते तेव्हा तू मला गप्प केलंस."

आता मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, रागाच्या आधी मला नवल वाटलं. कुलूपबंद कागद, ज्याला वाचायची मुभा नाही त्यानं उचलून न्यावा, हे कसं?

"दाखव," मी म्हटलं.

तिनं मला एक नवा कागद करायला लावला. त्यात मी 'मीठ' एवढंच लिहिलं. मग तिनं त्याच्या सगळ्या मुभा काढल्या. नऊच्या नऊ रेघा. मी स्वतः उघडायला गेले तर मशीन मलाही नाही म्हणालं.

"आता मी अम्मीच्या नावानं बसते. रूटला कुणाच्याही नावानं बसता येतं." ती बसली. कागद उघडून बघितला, नाही उघडला. त्यात लिहून बघितलं, नाही. मग काढून टाकायचा हुकूम दिला. मशीननं एकदाच विचारलं: हा कागद लिहायला बंद आहे, तरी काढू का? तिनं हो म्हटलं. यादी काढली. कागद गेला होता.

"आसं कसं?"

"कागदाचं नाव कागदावर नसतं, दादी. कपाटाच्या यादीत असतं. काढणं म्हणजे यादीतून नाव खोडणं. यादी कपाटाची, म्हणून मुभाही कपाटाची लागते. कपाटावर डब्ल्यू म्हणजे यादीत नाव घालायची, खोडायची, बदलायची मुभा. आणि ती तू घरच्यांना दिलीस."

फडताळातल्या बरणीचं झाकण मी मेणानं बंद केलं, तरी फडताळ उघडं असेल तर बरणी उचलून नेणाऱ्याला झाकणाशी काय देणंघेणं? एवढी साधी गोष्ट. चाळीस वर्षं बरण्या हाताळणाऱ्या बाईला ती एका पोरीनं मशीनवर दाखवावी लागली.

"उलटं करून दाखव," मी म्हटलं.

तिनं कपाटावरचं घरच्यांचं डब्ल्यू काढलं आणि एका कागदाला सगळ्या जगासाठी मुभा दिली. अंजुमच्या नावानं तो कागद काढता येईना. पण आतलं लिहिलेलं सगळं पुसता आलं. कोरा कागद, नाव जागच्या जागी.

"म्हंजी बरनी जागेवर आनि मसाला गायब."

"अगदी."

मी आणखी दोन-तीन प्रकार करायला लावले. कशाला, ते मला सांगता येणार नाही. साडेआठ झाले होते आणि मालिनीबाई दहाला येणार होत्या, तरी मला आधी हे कळायला हवं होतं.

"आता सांग," मी म्हटलं. "खोडलं का नेलं?"

गुलफशाचा चेहरा खुलला, जसा मी बरोबर प्रश्न विचारल्यावर माझ्या मास्तरांचा खुलायचा. "साबिराच्या नावाचे कागद अख्ख्या मशीनमध्ये कुठं कुठं आहेत, हे रूटला विचारता येतं." तिनं विचारलं. यादी भराभर वर सरकली. सगळे आमच्या कपाटातले. शेवटी एकच ओळ वेगळी.

मशीनमध्ये प्रत्येकाच्या नावाचं एक आपलं कपाट असतं; कागद अंजुमच्या त्या कपाटात होता. मालक अजून साबिरा. आर, डब्ल्यू, पुढं सहा रेघा. जसाच्या तसा.

"नाव खोडून दुसऱ्या यादीत घातलंय," गुलफशा म्हणाली. "कागद तोच. अम्मीनं वाचला असेल असं नाही, तिला वाचताच येणार नाही."

"मला उघडून बघू दे."

मी माझ्या नावानं गेले. मशीन म्हणालं, मुभा नाही. कागद माझा, नाव माझं, कुलूप मी घातलेलं, पण तो अंजुमच्या कपाटात आणि अंजुमच्या कपाटाला माझ्यासाठी एक्स नव्हतं. त्या कपाटात मी शिरूच शकत नव्हते.

"मी काढून देते की," गुलफशा म्हणाली. "एका ओळीचं काम."

"थांब."

मी अंजुमला हाक मारली. ती आली, हात तिखटानं लाल, दारातच उभी राहिली. पडद्याकडं बघितलं आणि तिला कळलं.

"तू नेलास?"

"व्हय."

"वाचलास?"

"कसा वाचनार, अम्मा? तुमी बंद केलाय. आमच्या घरचाबी बंद केलाय. बावीस वर्सं कांडतीया, आमच्याच मसाल्यात नागकेशर किती पडतंय ते मला ठावं न्हाई. तुमी पाट फिरवून घालता."

"त्याचा हितं काय संबंद?"

"मालिनीबाईंच्या तोंडाकडं बघितलंत का त्या दिवशी? तुमी न्हाई बघितलंत, म्या बघितलं. म्हटलं, एक दीस अम्मांनाबी कळू दे, आपलीच वस्तू दुसऱ्याच्या कपाटात आसली की कसं वाटतंय."

गुलफशा जमिनीकडं बघत होती. ह्या घरात मला असं कुणी बोललेलं नव्हतं. माझ्या तोंडात दोन-चार उत्तरं तयार होती आणि एकेक चांगलं झोंबणारं होतं. पण आत्ताच मशीननं मला नाही म्हटलं होतं, ते अजून डोळ्यापुढं होतं. कागद माझा आणि मी दाराबाहेर.

"कपाटाला कडी घातलीस," मी एवढंच म्हटलं. "ह्या घरात."

"कागदाला तुमी आदी घातली."

मी तिला चहा टाक म्हणाले. तिनं आधी कागद जागेवर ठेवला, मग हात धुऊन चहा टाकला.

चहा पिता पिता मी गुलफशाला विचारलं, "कागदाचा मालक बदलतोय का?"

"बदलतो. पण तुला नाही बदलता येणार. मालकालाही आपला कागद दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. फक्त रूटला."

"मालक मेला तर?"

"कागद तसाच राहतो, दादी. मेलेल्याच्या नावावर."

माई मेल्या होत्या, आणि त्यांच्या नावानं मी बसले होते. त्यांना शब्द दिला तो माझ्या तोंडानं फुटू नये म्हणून, आणि तो फुटणार नव्हता. पण घर माईंचं होतं आणि त्या घरात आता मोठी बाई कोण? बासष्ट घरांचा माझा नेमच हा, की माप घरच्या मोठ्या बाईचं. मी तर नुसती मोजणारी. मोजता मोजता कधी मालकीण झाले, मलाच कळलं नव्हतं. माई वर भेटल्या की काय बोलायचं ते मी बघून घेईन. त्याही काही कमी बोलायच्या नाहीत.

"मालिनीबाईंचं नाव मशिनात घाल," मी म्हटलं. "कागद त्यांच्या नावावर कर. आर, डब्ल्यू त्यांचं. बाकी रेघा."

"बाकी म्हणजे तू पण. मग तुला वाचता येणार नाही."

"मला मराठी कळतंय."

"आणि त्या घरच्या नाहीत. कपाटात शिरायला जगाला एक्स द्यावं लागेल. नुसतं एक्स, आर नाही. म्हणजे त्या आत येतील, आपल्या नावाच्या कागदापाशी जातील, पण आणखी कुणाकुणाचे कागद आहेत ते त्यांना दिसणार नाही."

हे मला फार आवडलं. पाहुणीला आत घ्यायचं, पण फडताळाकडं बघू द्यायचं नाही. हे ज्यानं मशीनला शिकवलं असेल त्याच्या घरात कुणीतरी शहाणी बाई असणार.

"आनि ते डब्ल्यू?" मी विचारलं. "कपाट उघडं राहिलं पायजे. पन उद्या परत कुनी काय उचललं तर?"

"त्याला एक वेगळं अक्षर आहे. टी. कपाट सगळ्या घरच्यांना उघडं, पण ज्याचा कागद त्यानंच काढायचा. आणि कपाटाची मालकीण म्हणून तुला सगळेच काढता येतील."

"हे आदी का न्हाई सांगितलंस?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी चहाची बशी उचलली.

दहाला मालिनीबाई आल्या, रिक्षातून सहा पिशव्या उतरवल्या. चेहरा ताठ होता. मी त्यांना मशीनपुढच्या खुर्चीत बसवलं. त्यांना वाटलं, जागा नाही म्हणून बसवतेय. गुलफशानं त्यांना परवलीचा शब्द ठरवायला सांगितला आणि आम्ही दोघींनी तोंड फिरवलं. मग तिनं कागदाचं नाव सांगितलं. मालिनीबाईंनी एका बोटानं एकेक अक्षर टिपलं.

माझी पाठ तिकडं होती. आधी खुर्ची करकरली. मग त्या म्हणाल्या, "तीळ इतके? मी उगाच खोबऱ्याला दोष देत होते."

"आमाला सांगू नगा," मी म्हटलं. "घरचं माप हाय."

"पण मग मोजणार कोण, साबिराबी?"

"मोजनार मीच. तुमी एकेक सांगा, तेवडं मोजीन. लक्षात ठेवनार न्हाई." ताप येऊन गेल्यापासून हे खरंच होतं, पण ते त्यांना कशाला सांगू?

अंजुमनं पितळी मापं आणून ठेवली, लहानमोठी, ओळीनं. मालिनीबाईंनी वैदेहीसाठी म्हणून एका कागदावर, खऱ्या कागदावर, माप उतरवून घेतलं, घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवलं. नंतर डोळ्यांना रुमाल लावला. मिरच्यांची खोली आहे, तिथं सगळ्यांचेच डोळे पाणावतात.

"गुलफशा," मी हळूच म्हटलं, "आमच्या घरच्या कागदावर घरच्यांना एक आर टाक."

"डब्ल्यू?"

"आर म्हटलं."

तिनं टाकलं. अंजुम चाळणी झटकत होती, तिनं ऐकलं का नाही ठाऊक नाही. दुपारी मात्र मशीनपुढची खुर्ची मी ठेवली होती तशी नव्हती, आणि टेबलावर तिखटाचं एक बोट उमटलं होतं. मी ते पुसलं नाही.

पण हे नंतरचं. तेव्हा मी मांडी घालून बसले, पहिली पिशवी सोडली, मापटं हातात घेतलं आणि चाळीस उन्हाळ्यांत कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मालिनीबाई, धने किती घालू?"